पूर्ण एक मिनिट

प्रिय पोरी,

गेल्या गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा इकडे झडी लागलेली होती. रेंज येत-जात होती. तू अर्धं बोललीस आणि अर्धं रडलीस, मी नुसतं 'हं, हं' करत राहिले. आता तीन दिवसांपासून उघाड आहे. वापसा झाला म्हणून घरची सगळी डवरणीला गेली आहेत. घरात मी एकटीच आहे, तेव्हा सवडीनं लिहिते.

तू म्हणालीस, "मावशी, मी त्या बाईवर एवढी ओरडले की तिच्या कडेवरचं लेकरू दचकून रडायला लागलं. दिवसभर माझे हात थरथरत होते." लसीचा दुसरा डोस चुकला होता, आशाताई दोनदा बोलवायला गेली होती, तरी ती आली नाही, आणि आली ती लसीकरणाचं सत्र आवरताना. राग येणारच. पुढे तू म्हणालीस की मन शांत ठेवायला मोबाइलवर ध्यानाचं ॲप टाकलं आणि ते चार दिवसांत सुटलं, म्हणजे तुझ्यातच काही कमी आहे.

कमी काही नाही. एकतीस वर्षं मी आरोग्यसेविका होते आणि त्यातली फार थोडी वर्षं माझं मन शांत होतं. रात्री दोनला बाळंतपण, अंगणात साप चावलेला माणूस, घरी तापानं फणफणलेला माझा स्वतःचा मुलगा. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेकडो माणसं दवाखान्यात भरती झाली, तेव्हा तर रोज सकाळी पोटात गोळा यायचा. अशात मन शांत कसं राहील? पण मन खवळलेलं असतानाही लक्ष जाग्यावर ठेवता येतं. एवढंच मी शिकले, आणि तेही एक मोठी चूक करून. ती चूक तुला आजवर सांगितली नव्हती.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. भादव्याचे दिवस. एक आजी सात महिन्यांचा नातू घेऊन आली. खोकला, ताप, तिसरा दिवस. हेच घर, जिथून लसीसाठी मला दोनदा हाकलून दिलं होतं. आजीला बघितलं आणि माझं डोकं फिरलं. लेकराला मांडीवर ठेवायला सांगितलं, घड्याळ बघितलं आणि श्वास मोजता मोजताच तिला बोलायला लागले. आधी का नाही आणलं, तेव्हा दार का लावलं, आता कशी आठवण झाली. अर्ध्या मिनिटात बावीस मोजले. दुप्पट केले, चव्वेचाळीस झाले. पन्नासच्या आत आहेत म्हणून औषध दिलं आणि घरी पाठवलं.

तुला शिकवलेलंच आहे, तरी लिहिते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. आणि मोजायचं ते पूर्ण एक मिनिट. लेकराचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच भरभर होतो, मध्येच थांबल्यासारखा होतो. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं की गणित बरोबर येतं आणि लेकरू चुकतं.

त्या रात्री लेकराला जीपमध्ये टाकून मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. न्यूमोनिया होता. वाचलं, आठ दिवसांनी घरी आलं. मी भेटायला गेले तेव्हा आजीनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "सिस्टर, त्या दिशी लेकरानं सकाळपासून दूधच नाई घेतलं होतं. मले सांगाचं होतं. पण तुमी बोलूनच राहिल्या होत्या, मी कवा सांगू?"

दूध न पिणं हे धोक्याचं लक्षण आहे, हे पाठ होतं मला. झबलं वर करून बघितलं असतं तर श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय हेही दिसलं असतं. डोळे उघडे होते, कान उघडे होते, शिक्षण होतं. रागानं ते सगळं झाकून टाकलं. तेव्हापासून मी रागाला वाईट म्हणणं सोडलं. राग आला असताना माझं काय बघायचं राहून जातंय, एवढंच मी बघायला लागले.

आता तुझ्या 'जमत नाही'बद्दल. लेकराचा श्वास मोजताना तू काय करतेस, आठव. पोटावर नजर ठेवतेस. बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो, नजर हलते, आकडा विसरतो. मग तू स्वतःला शिव्या देत बसतेस का? नाही. लेकरू पुन्हा निवांत होऊ देतेस आणि पहिल्यापासून मोजतेस. ध्यान म्हणतात ते याहून वेगळं काही नाही. नजर जाणार, ती परत आणायची. चार दिवसांत तुझं मन हजार वेळा भटकलं असेल आणि दरवेळी ते तुझ्या लक्षात आलं, म्हणूनच तर तू मला सांगू शकलीस. ते लक्षात येणं हाच सराव होता. तू त्याला नापास होणं समजलीस.

डवरणी आठव. कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून बैल चालतात, तोंडाला मुसकं असतं तरी मान झाडाकडे जातेच. बैल सरकला की डवऱ्याच्या फासानं चार झाडं उपटली जातात. जाणता गडी बैलाला मारत नाही. कासऱ्याला हलकासा हिसका देतो, तोंडानं आवाज करतो आणि बैल पुन्हा तासात येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शंभरदा हेच. बैल सरकला म्हणून कोणी डवरा टाकून घरी येत नाही.

एक गोष्ट आज करून बघ. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेव, पेशंटची नाडी बघतेस तशी. हळू श्वास घे, हळू सोड. घेताना ठोके किंचित घाईत पडतात आणि सोडताना लांबतात. तुझ्या वयात हे बोटांना सहसा कळतं. श्वास सोडताना व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला आवर घालतो, म्हणून. यात श्रद्धेचा प्रश्न नाही, शरीराची रचनाच तशी आहे. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. मिनिटाला सहा श्वास होतात. हात थरथरायला लागले की असे पाच-सहा श्वास पुरतात. राग जात नाही, पण हात तुझे राहतात.

वेळ नाही म्हणशील. सत्राच्या दिवशी खरंच नसतो. पण साबणानं हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, आणि ते तर धुवायचेच आहेत. तो वेळ तुझा. पाण्याचा गारवा, साबणाचा वास, बोटांच्या बेचक्या, नखं. तेवढ्यात मागच्या बाईचं भांडण आठवलं तर आठवू दे, परत बोटांकडे ये. मी वर्षानुवर्षं एवढंच ध्यान केलं.

दुसरी जागा म्हणजे दोन घरांच्या मधली वाट. गृहभेटीला एका घरात अपमान झाला की तो आपण पुढच्या घरात घेऊन जातो आणि तिथल्या बाईला विनाकारण फटकारतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीतून चालताना चपलेला गारा चिकटतो, पाय जड होतो. दारात गेल्यावर आपण चप्पल दगडाला घासून घेतो ना, तेव्हाच मनातही एकदा बघायचं, मागच्या घरातलं काय चिकटून आलंय. मी ते हळूच शब्दात म्हणायचे. "ओशाळले होते, म्हणून चिडले." मग आत जायचे.

हे शब्दाचं जरा नीट सांगते, कारण मला त्यानं सगळ्यात जास्त तारलं. तू फोनवर सात-आठदा 'टेन्शन' म्हणालीस. हल्ली सगळ्यालाच टेन्शन म्हणतात. पीक बुडालं तरी टेन्शन, नवरा बोलला नाही तरी टेन्शन, परीक्षा आली तरी टेन्शन. या एका शब्दाखाली किती वेगवेगळी दुखणी दडपली जातात! आपल्या भाषेत शब्दांना काय तोटा आहे? धाकधूक वेगळी आणि हुरहूर वेगळी. चीड वेगळी, संताप वेगळा, त्रागा त्याहून वेगळा; त्रागा आपण स्वतःवरच काढतो. कुढणं असतं, वीट येणं असतं, कासावीस होणं असतं, मन खट्टू होणं असतं. पेशंट 'दुखते' म्हणाला की तू विचारतेस ना, कुठं, कसं, कधीपासून, ठणकतंय की चमकतंय? तसंच स्वतःला विचार. धाकधूक असेल तर तयारी करावी लागेल. वीट आला असेल तर सुट्टी लागेल. ओशाळली असशील तर जाऊन माफी मागावी लागेल. टेन्शनवर औषध नाही, कारण तो आजारच नीट सांगितलेला नाही.

यावर शास्त्रज्ञांनीही काम केलेलं आहे. 2007 साली कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना रागावलेले, भेदरलेले चेहरे दाखवून मेंदूची चित्रं घेतली. त्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. हे मी फार उशिरा वाचलं आणि मला बरं वाटलं.

बाकी ही विद्या परदेशातून आली असं समजू नकोस. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात, जुनाट दुखणाईतांसाठी वर्ग सुरू केला आणि तिथून ती दवाखान्यांत पसरली, हे खरं. पण आपल्या गावातल्या विहारात जाणाऱ्या बायकांकडून मी आनापानसती हा शब्द त्याआधीच ऐकला होता. येणारा-जाणारा श्वास जाणत राहणं. पालीतली सती म्हणजे आपली स्मृती, लक्षात असणं. आणि मोझरीच्या तुकडोजी महाराजांची सेवामंडळं गावोगाव पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी प्रार्थना करत आली आहेत. तुझ्या गावात यातलं जे असेल तिथं जाऊन बस. एकटीनं ॲपसमोर बसण्यापेक्षा चार माणसांत बसणं सोपं जातं.

दोन ठिकाणी मात्र हे वापरू नकोस. उपकेंद्राचं छत गळतं, नळाला पाणी नाही, प्रवासभत्ता थकला, यावर श्वास मोजू नकोस. अर्ज लिही. मी एका ठिकाणी चौदा महिने पाण्याविना काढले आणि घरी येऊन पोरांवर चिडत राहिले. शेवटी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, सरपंचांची सही जोडली, आणि मग पाणी आलं. तो राग खरा होता, त्याला कागद हवा होता.

दुसरं म्हणजे, एखादा मृत्यू डोळ्यांसमोर झाला असेल तर लगेच डोळे मिटून बसू नकोस. मिटल्या डोळ्यांपुढे तेच येत राहतं. तेव्हा डोळे उघडे ठेव, पाय जमिनीवर टेकव, आशाताईला जवळ बसव, चहा कर, बोल. आणि दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशात जीव लागत नाही असं झालं तर डॉक्टरांना दाखवायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आपण गावात भिंतीवर लावतो. तो तुझ्यासाठीही आहे, रात्रीसुद्धा लागतो. शेतकऱ्याच्या घरी जाऊन 'मन मोकळं करा' म्हणणाऱ्या आपण स्वतः मात्र कुणाला सांगत नाही, हे मी फार जणींचं बघितलं आहे. तू तसं करू नकोस.

त्या बाईकडे तू गेलीस का? जा. लस द्यायला नाही, आधी नुसती जा. ती उशिरा का आली हे तिला विचार आणि ती सांगून संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस. निंदणीचे दिवस आहेत. एक दिवस खाडा झाला तर तिची मजुरी बुडते, कदाचित तेच असेल. कदाचित दुसरंच काही असेल.

आणि हो, तू म्हणालीस की श्वास मोजायला मोबाइलचं घड्याळ लावतेस आणि मधेच ग्रुपवरचा मेसेज वर येतो, आकडा चुकतो. शनिवारच्या दुपारच्या एसटीनं वाहकाजवळ एक डबी पाठवते. त्यात माझं घड्याळ आहे, सेकंदाचा काटा असलेलं, त्याच वर्षांमधलं. सेल नवीन टाकला आहे. पट्टा तेवढा जुना झाला, तो बदलून घे.

तुझी,
मावशी