हायफूने सुटलेली जॉलाइन घट्ट होते का?

प्रश्न: डॉक्टर, वय ४८, जबड्याखालची कातडी सुटल्यासारखी झालीय. पार्लरवाली म्हणते हायफू करा, एका सिटिंगमध्ये लगेच फरक दिसेल. करू का?

उत्तर: अहो, ‘लगेच’ म्हणतायत तिथेच सावध व्हा. हायफू म्हणजे हाय-इंटेन्सिटी फोकस्ड अल्ट्रासाउंड, यात अल्ट्रासाउंडच्या लहरी एका बिंदूवर एकवटून कातडीखाली दीड, ३ किंवा साडेचार मिलिमीटर खोल साधारण ६०-७० डिग्री उष्णता देतात, वरची त्वचा शाबूत राहते आणि आतलं ते बारीकसं भाजणं भरताना शरीर नवीन कोलेजन (कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन) बनवतं, त्याला २-३ महिने लागतातच. अमेरिकेत एफडीएने (तिथली औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) अल्थेरपीला, म्हणजे याच प्रकारच्या एका ब्रँडच्या उपचाराला, भुवया उचलायला २००९ मध्ये आणि हनुवटीखाली, मानेसाठी २०१२ मध्ये मान्यता दिली. कातडी थोडीच सैल असेल तर बरा फरक पडतो, खूप लोंबत असेल तर ऑपरेशनसारखा रिझल्ट मिळत नाही. हाडाजवळ चांगलंच दुखतं हं! गाल आधीच बसलेले असतील तर मी नकोच म्हणेन, चरबी कमी होऊन चेहरा आणखी ओढलेला दिसतो. शॉट चुकला तर चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावून ओठ वाकडा होऊ शकतो, बहुतेकदा तात्पुरता, पण तरी. त्यामुळे पार्लर नको, त्वचारोगतज्ज्ञांना आधी चेहरा दाखवा आणि मशीन कुठलं, चालवणार कोण हे स्पष्ट विचारा.