ताई, वर्ग ऐकत नाही!

प्रश्न : साक्री तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी यंदाच शिक्षणसेवक म्हणून लागलो. चौथीचा वर्ग, पट 34. गोडीने बोललो की पोरं डोक्यावर बसतात, ओरडलो की पाच मिनिटं शांत. शाळेतले जुने सर म्हणतात, 'पहिल्याच महिन्यात धाक बसवा.' तुम्ही कसं सांभाळायच्या?

उत्तर : सर, छडीला हात लावू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मार आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. तुम्ही अंमळनेरहून आलेलं पत्र उघडताय म्हटल्यावर साने गुरुजी येणारच, असं वाटलं असेल. 1924 ते 1930 ते इथे प्रताप हायस्कूलमध्ये होते, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नव्या मास्तरला तेच ऐकवतात. मी नाही ऐकवत. आपण साधी माणसं, आपल्याला साधी युक्ती पुरते.

गोंधळ शिकवताना फार होत नाही. होतो तो मधल्या वेळात: वह्या काढताना, पाण्याला जाताना, तुमची पाठ फळ्याकडे असताना. मी दाराआडच्या खिळ्याला पुठ्ठ्याचे दोन बिल्ले अडकवले होते. बिल्ला जागेवर असेल तर गळ्यात घालायचा, न विचारता पाणी पिऊन यायचं. 'बाई, जाऊ का, बाई, जाऊ का' हा घोष थांबला. पण लगेच नाही. आठ-दहा दिवस आम्ही नुसता तोच सराव केला, धडा मागे पडला तरी. घंटा व्हायच्या आत फळ्यावर एक गणितही लिहून ठेवायचे. आत आलेल्या पोराच्या हाताला काम हवं, नाहीतर ते शेजाऱ्याची टोपी उडवतं.

आणि अहिराणी बोला. 'इकडे या' म्हटल्यावर जो हलत नाही, तो 'आठे ये रे भाऊ' म्हटल्यावर हसत येतो. एरवी गप्प बसणारी पोरगीसुद्धा 'माले नही समजनं' म्हणते. त्यासाठी तर आपण तिथे असतो.

माझी एक चूक सांगते. दिवाळीनंतर एक मुलगा रोज बाकावर झोपायचा. मी त्याला तासभर उभं केलं. वही तपासायला घेतली तेव्हा त्याची बोटं दिसली. कापसाच्या सुकलेल्या बोंडांनी नखांच्या कडेला ओरखडे पडलेले. पहाटे वेचणी करून तो शाळेत येत होता. मी 'बस' म्हटलं, तो बसला नाही. त्याला वाटलं, अजून काही शिक्षा आहे.

जुन्या सरांशी वाद घालू नका. उलट एक तास त्यांना तुमच्या वर्गात मागे बसवा आणि विनंती करा, की गोंधळ कधी सुरू झाला ते घड्याळ बघून कागदावर टिपून द्या. मला वाटतं, तुम्ही बोलत असतानाच्या नोंदींपेक्षा तुमची पाठ वळलेली असतानाच्याच नोंदी जास्त असतील.