मुंबईची सात बेटं आज पाहता येतात का? दोन दिवसांत काय बघावं?

प्रश्न असा आहे: मुंबई मूळची सात बेटांची म्हणतात, त्यातलं आज काही पाहता येतं का; मुलांना घेऊन दोन दिवस येतोय, चालणं, बोट, पक्षी असं काही सुचवा, ‘की गेटवे आणि चौपाटी सोडली तर मुंबईत बघण्यासारखं काही नाहीच?’

हे शेवटचं शेपूट जोडलं नसतंत तर मी वाचून पुढे गेलो असतो. पण आमचे साडू कोल्हापूरचे आहेत आणि हेच वाक्य ते दर लग्नात, दर बारशाला, पान वाढून व्हायच्या आत टाकतात. त्यांच्याकडे पन्हाळा, रंकाळा, अंबाबाई. आमच्याकडे काय, तर लोकल. ‘मुंबई म्हणजे इंग्रजांनी दलदल बुजवून बांधलेली वखार, त्याआधी इथे डास आणि बोंबील,’ हा त्यांचा सिद्धान्त. मी परळचा. आजोबा संगमेश्वराहून गिरणीत आले, तेव्हापासून आम्ही इथेच. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

बेटं दिसतात का? दिसतात. फक्त मधलं पाणी गेलंय, चढ राहिलेत. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही ती सात. मुंबई बेट आणि वरळी यांच्यामध्ये मोठं भगदाड होतं, भरतीचं पाणी तिथून थेट भायखळ्याकडे घुसायचं. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, 1784 च्या सुमारास, बांध घालून ते बंद केलं. महालक्ष्मीचं देऊळ त्याच जागी आहे. बांध टिकेना, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाला देवीने दृष्टान्त दिला, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि मग भिंत उभी राहिली, अशी आख्यायिका. कुलाब्याचा कॉजवे 1838 चा. माहीम-वांद्रे कॉजवे 1845 चा, आणि त्यासाठी दीड लाखाहून जास्त रुपये सरकारने नाही, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी दिले. जोराचा पाऊस झाला की दादरजवळच्या हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं तेही उगाच नाही, तो भाग बशीसारखा खोलगट आहे. नाले तुंबतात ते वेगळं.

आता दलदलीबद्दल. 1534 मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून ही बेटं पोर्तुगीजांकडे गेली. 1661 च्या तहात पोर्तुगीजांनी राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला हुंडा म्हणून दिली आणि त्याने 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. राजाच्या लग्नात कुणी डास आणि बोंबील देतं का? माहीमच्या दर्ग्यात ज्यांची कबर आहे ते सूफी संत मखदूम अली माहिमी 1431 मध्ये वारले. तेव्हा ती कंपनी जन्मालाही आली नव्हती.

एकदा साडू सहकुटुंब आमच्याकडे उतरले होते आणि सकाळी चहाबरोबर हेच पुराण निघालं. मी म्हटलं, चला शिवडीला. हिवाळा होता, फ्लेमिंगो आलेले होते. साडू म्हणाले, मग आत्ताच निघू, पक्षी सकाळी असतात. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. द्वितीया. म्हटलं, सावकाश आंघोळी आटपा, दहाला निघू.

‘पक्षी बघायला मुहूर्त काढताय होय?’

हो, काढतो. आणि तुम्हीही काढा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईत पूर्ण भरतीची वेळ निघते, थोडं इकडेतिकडे. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. कोळी माणूस हे चालता चालता करतो. शिवडीला भरतीच्या दोन-तीन तास आधी पोचायचं असतं. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब, पाण्याच्या कडेला असतात, नुसती गुलाबी रेघ दिसते. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी उठून जातात. मधल्या वेळात पाणी चढत येतं तसे तेही धक्क्याकडे सरकत येतात. पहाटे पाचला उठून, भरती न बघता जाऊन, ‘काहीच नव्हतं’ म्हणत परत येणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

शिवडी स्टेशनला पूर्वेला उतरून धक्क्यापर्यंतचा रस्ता काही फोटो काढण्यासारखा नाही. ट्रक, तेलाचा वास, गंजलेल्या बोटी. मेहुणीने नाकाला पदर लावला. साडू माझ्याकडे बघून नुसते हसले. धक्क्यावर उभं राहिल्यावर त्यांच्या मुलाला आधी दिसल्या त्या निवट्या. बोटाएवढा मासा, चिखलाच्याच रंगाचा, डोळे पार डोक्यावर. पुढच्या परांवर रेटत रेटत चिखलातून चालतो, मध्येच शेपटी आपटून उडी मारतो आणि बिळात गडप. दोन समोरासमोर आले की पाठीवरचा पर ताठ उभा करून एकमेकांना दटावतात. पोरगा धक्क्यावर पालथा पडून तेच बघत राहिला, आम्ही फ्लेमिंगो फ्लेमिंगो करतोय तर मान वर करेना.

मग पाणी चढायला लागलं आणि पक्षी जवळ आले. डोकं उलटं करून चोच चिखलाच्या पाण्यात घालतात आणि गाळून खातात. पाय तेवढ्यात जागच्या जागी चिखल तुडवत असतात, खालचं वर यावं म्हणून. आवाज मात्र घोगरा, अखंड कलकलाट. साडू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘हे तरी मुंबईचे कुठे? कच्छातून येतात म्हणे.’

खरं आहे, बरेचसे गुजरातेतूनच येतात. मी म्हटलं, आम्हीही संगमेश्वराहून आलो, काढून टाका आम्हालापण यादीतून.

धक्क्याच्या वर शिवडीचा किल्ला आहे. 1680 च्या सुमाराचा, इंग्रजांचा. हे ऐकून साडूंचा चेहरा खुलला. मग पुढचं सांगितलं: 1689 मध्ये औरंगजेबाच्या बाजूने लढणारा जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान नेमका इथे उतरला, माझगावही त्याने घेतलं आणि इंग्रज आपल्या कोटात कोंडून बसले. औरंगजेबाची माफी मागून, दंड भरून सुटका झाली. वखारवाल्यांची ही पत. किल्ल्याच्या तटावरून आज चिखलपट्टा आणि त्यावरून गेलेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू दोन्ही दिसतात. सेतूच्या कामापासून पक्ष्यांच्या जागा हलल्या. मोठे थवे बघायचे तर ठाणे खाडीच्या ऐरोलीच्या बाजूला वनखात्याचं केंद्र आहे, तिथून बोट जाते, तीही भरती बघूनच. मुलं असतील तर मी ऐरोलीच सांगेन. साडूंना शिवडीला नेलं कारण मला त्यांना पुढे परळला न्यायचं होतं.

परळ गावात बारादेवीचं देऊळ आहे. 1931 मध्ये रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक अखंड शिळा निघाली, ती इथे ठेवली आहे. तीन मीटरहून उंच. मधोमध शिव उभा, त्याच्या मागून वर निघालेला दुसरा, त्याच्याही वर तिसरा, आणि दोन्ही अंगांना दोन-दोन. पायाशी गण वाद्यं घेऊन बसलेत. पाचव्या-सहाव्या शतकातली आहे, म्हणजे साधारण घारापुरीच्या लेण्यांच्या काळातली. ती घारापुरीसाठीच घडवली असावी असाही एक तर्क आहे. (सात आकृत्या आहेत म्हणून सात बेटांशी गाठ मारू नका.) आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं, जाळीला नाक लावून बघितलं. साडू देवमाणूस, त्यांनी आधी हात जोडले. मधल्या आकृतीतून वरची आकृती कशी निघते ते खालून वर, वरून खाली दोनदा न्याहाळलं. आणि म्हणाले, ‘बाहेरून आणली असेल.’

एवढा दगड परळच्या रस्त्याखाली पुरायला कोण आणेल हो? त्यावर त्यांनी चहा कुठे मिळेल विचारलं.

बाकीची बेटं भराभर सांगतो. माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनच्या डोक्यावर टेकडी आहे, तिथे चढून जा. किल्ला होता, सिद्दीने पाडला. आता टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा यांच्या नावाची बाग आहे आणि खाली सगळं बंदर पसरलेलं दिसतं. फुकट. वरळीला कोळीवाड्यातून चालत किल्ल्यावर जा. किल्ला छोटा, आत व्यायामशाळा, समोर सी लिंक. तिथल्या क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांना वाट पुरेना म्हणून कोळ्यांनी भांडून किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटरचं 120 करून घेतलं, ते खांब किल्ल्यावरून बघता येतात. मला विचाराल तर मुंबईतलं सगळ्यात बघण्यासारखं बांधकाम ते आहे. हाजी अलीजवळच्या खडकांवर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, सहाच्या ओहोटीला, खळग्यांतून समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे जीव) आणि शंख पाठीवर घेऊन चाललेले खेकडे दिसतात. मुंबईच्या किनाऱ्यांवर अशा फेऱ्या नेणारी जाणकार मंडळी आहेत, त्यांच्याबरोबर गेलात तर पाय कुठे ठेवायचा ते कळेल. वाळकेश्वरला बाणगंगा तलाव. कुलाब्यात ससून डॉक हा मासळीचा धक्का, पहाटे, वास सोसत असेल तरच. दक्षिण टोक लष्कराचं आहे, तिथे जाता येत नाही. ‘एका दिवसात सात बेटं’ असली सहल घेऊ नका, सहा तास गाडीत बसाल.

दुसरा दिवस घारापुरीला द्या. ते सातांत नाही, पण बोट हवी असेल तर हीच. गेटवेवरून तासभर लागतो. लेण्यांना 1987 मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. तीन मुखांचा सदाशिव सुमारे 20 फूट आहे, आणि आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत तो दिसतच नाही, म्हणून घाई करू नका. लोक लेणं बघून कणीस खातात आणि खाली उतरतात. तुम्ही वर तोफांपर्यंत चढा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो तिथे नाही, भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. आणि महानगराच्या समोर असूनही या बेटावर कायमची वीज 2018 मध्ये पोचली, हे मुलांना जरूर सांगा.

राहिलेल्या सूचना: लेणी सोमवारी बंद. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नाही, फ्लेमिंगोही नाहीत. डिसेंबर ते एप्रिल या. तिथीचा हिशोब ढोबळ आहे, खडकांवर उतरणार असाल तर छापील वेळ बघूनच. शिवडीला धक्का सोडून चिखलात पाय घालायचा नाही, माणूस रुततो. कोळीवाड्यात बायका सुकट वाळवत असतात, विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

साडूंनाही हे पाठवतोय. बारादेवीची ती खोली महाशिवरात्रीला दर्शनासाठी उघडतात, जाळी मध्ये येत नाही. यायचं असेल तर रिझर्वेशन आत्ताच करा, महालक्ष्मी एक्सप्रेस भरते.