जीजेबी२चा रिपोर्ट घेऊन परदेशी निघताना

ताई, तुम्ही लिहिलंत की मुलगी चार वर्षांची होईल, कनेक्झिन २६ या प्रथिनाच्या दोषामुळे जन्मापासून ऐकू येत नाही, एका कानाला इम्प्लांट (ऐकण्यासाठी शस्त्रक्रियेनं बसवलेलं यंत्र) झालंय, आता छान बोलायला लागलीय आणि नवऱ्याच्या नोकरीसाठी परदेशी जायचंय, तर तयारी काय करू, आणि तिथे एकटेपणा येतो का? व्हिसा, विमा, इम्प्लांटचं ओळखपत्र, जादा बॅटऱ्या ही यादी तुम्हाला वकिलातीतून आणि कंपनीकडून मिळेलच, मी त्यात शिरत नाही. माझ्या मुलाचं निदान हेच आहे, आणि आम्हीही त्याला घेऊन असेच परदेशी आलो. तुमचा प्रश्न वाचल्यापासून वेगळंच सगळं वर आलंय, तेच लिहिते.

आधी रिपोर्ट. तुमच्या कागदावर डब्ल्यू२४एक्स असण्याची शक्यता बरीच आहे. कनेक्झिन २६ बनवणाऱ्या जीजेबी२ जनुकातला हाच बदल भारतातल्या मुलांत सर्वांत जास्त सापडतो. युरोपीय वंशाच्या लोकांत ३५डेलजी जास्त, पूर्व आशियात २३५डेलसी. आमच्या रिपोर्टवर जुन्या पद्धतीनं डब्ल्यू२४एक्स लिहिलं होतं, इथल्या प्रयोगशाळेनं सी.७१जी>ए लिहिलं. बदल एकच, प्रथिनाची साखळी चोविसाव्या जागी तुटते. पण खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारीशेजारी धरले, एका ओळीवर बोट ठेवलं, दुसऱ्या ओळीवर ठेवलं आणि नोंदी जुळत नाहीत म्हणून फाइल परत केली. मग डॉक्टरांचं पत्र, मग त्याचं प्रमाणित भाषांतर, मग जुन्या प्रयोगशाळेचा मूळ शिक्का. तोवर मॅपिंगची, म्हणजे इम्प्लांटचे आवाज मुलाला जुळवून देण्याची, तारीख पुढे पुढे जात राहिली आणि पोराच्या बोलण्यातला ‘स’ पुसट होत गेला. त्या दिवसांचा राग अजून आहे माझ्या मनात. तुम्ही निघण्याआधीच एका कागदावर दोन्ही पद्धतींनी लिहून घ्या. तिथे पुन्हा तपासणी करून कुणी ‘काही सापडलं नाही’ म्हणालं, तर पूर्ण जनुक वाचलं की फक्त ३५डेलजी शोधलं, हे विचारा.

आता शाळा. हे मला आजही जड जातं. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘मूळ आजार’ असा रकाना होता. मी लिहिलं, कनेक्झिन २६चा जनुकीय दोष. शाळेच्या समुपदेशकांनी कनेक्झिनबद्दल वाचलं, त्यांना नसांचे आजार दिसले, हृदयाचे ठोके दिसले, मोतीबिंदू दिसला. मुलगा पाच वर्षांचा, गणितात पुढे, आणि त्याला बसवलं बौद्धिक वाढ उशिरा होणाऱ्या मुलांच्या वर्गात. सबंध वर्ष गेलं त्यात.

त्यांनी वाचलं ते खोटं नव्हतं, फक्त ते या मुलाबद्दलचं नव्हतं. माणसात कनेक्झिनचे वीसेक प्रकार आहेत. नावातला आकडा म्हणजे त्या प्रथिनाचं किलोडाल्टनमधलं वजन (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं माप). सहा कनेक्झिन मिळून पेशीच्या आवरणात अर्धी नळी होते, शेजारच्या पेशीतली अर्धी नळी तिला येऊन जुळते, आणि साधारण १,००० डाल्टनपर्यंतचे रेणू आणि आयन इकडून तिकडे जातात. हाच गॅप जंक्शन. हृदयाच्या कप्प्यांत ४३ क्रमांकाचा असतो, त्याच्यातून विजेचा संदेश पेशीपेशींतून पुढे जातो. ३२ नसांवरच्या आवरणात, त्याचा दोष शार्को-मारी-टूथ या नसांच्या आजाराच्या एका प्रकाराला कारण ठरतो, हे १९९३ साली कळलं. ४६ आणि ५० डोळ्याच्या भिंगात. भिंगाला रक्तवाहिन्याच नाहीत, पेशी एकमेकींवरच जगतात, म्हणून तिथे बिघाड झाला की मोतीबिंदू.

आपल्या मुलांचा २६. अंतर्कर्णातल्या आधारपेशी त्यानं जोडलेल्या असतात. आवाज टिपणाऱ्या केसपेशींत तो नसतोच. १९९७ साली त्याचा बहिरेपणाशी संबंध सापडला. तेव्हापासून सांगितलं जायचं की पोटॅशियम फिरतं ठेवणं आणि आतल्या द्रवातला सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवणं या पेशींना जमत नाही. अलीकडचे प्रयोग सांगतात की ऐकू यायला लागण्याआधी, अंतर्कर्ण घडतानाच घडण चुकते. काहीही असो, बिघाड तिथपुरताच राहतो. श्रवणाची नस शाबूत असते, म्हणून तर या मुलांना इम्प्लांट इतका लागू पडतो. त्वचेतही २६ आहे, पण तिथे इतर कनेक्झिन काम निभावतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यांतल्या एकाच प्रतीतल्या काही वेगळ्या बदलांनी बहिरेपणासोबत त्वचेचे आजार होतात, ते प्रकरण निराळं.

म्हणून जनुकतज्ज्ञांकडून पानभर पत्र घ्या. दोष दोन्ही प्रतींत आहे, सोबत कुठलाही सिंड्रोम नाही, बुद्धी, हृदय, डोळे यांच्याशी संबंध नाही. फॉर्मच्या त्या रकान्यात ‘पत्र पाहा’ एवढंच लिहा.

घरी मराठी बंद करा असं कुणीतरी सांगेलच. करू नका. लवकर इम्प्लांट झालेली मुलं दोन भाषा शिकतात, आमचा भांडतो मराठीत.

एकटेपणाचं विचारलंत. असतो, कामाच्या रगाड्यात निभतं.

न विचारलेलं एक सांगते. इथे जनुकीय समुपदेशक बाईंनी समोर बसवून सांगितलं की आम्ही दोघं वाहक, म्हणजे एकेका प्रतीतच दोष असलेले, आम्हाला स्वतःला नीट ऐकू येतं, पण प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. पुढचं मूल हवं असेल तर आधी तपासणी करणार का, असं त्यांनी विचारलं. मुलगा शेजारच्या खुर्चीत होता, इम्प्लांटचा बाहेरचा प्रोसेसर लावलेला, सगळं ऐकत. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हो म्हणावं तर त्याला काय वाटेल, नाही म्हणावं तर तो सगळा रस्ता आणखी एका बाळाला चालायला लावायचा. नवरा म्हणाला, नंतर बोलू. आम्ही अजून बोललेलो नाही. तुम्हा दोघांचं याबद्दल बोलणं झालं नसेल तर निघण्याआधी करा, तिथे पहिल्याच भेटीत विचारतात आणि मूल बरोबरच असतं.

आमच्या पत्राचा नमुना हवा असेल तर कळवा, नावं काढून पाठवते. जनुकातला बदल मात्र तुमच्या रिपोर्टवरूनच घाला.