चार्ज संपल्यावर मदत येते, पण ती गाडी उचलायला

ताई, तुम्ही दादरहून दर पंधरा दिवसांनी पुण्याला आईकडे जाता, इलेक्ट्रिक गाडी नवी आहे, बॅटरी 30 युनिटची. वाटेत चार्ज संपलाच, तर रोडसाइड असिस्टन्सवाले येऊन तिथल्या तिथे चार्ज करून देतात का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा नाही. पेट्रोल संपल्यावर कॅनमधून पाच लिटर आणून ओततात तसं इथे होत नाही. ते गाडी उचलून जवळच्या चार्जरपर्यंत नेऊन सोडतात. चार्जर घेऊन फिरणाऱ्या व्हॅन काही शहरांत आहेत, पण रात्री घाटात त्या येतील असं धरून निघू नका.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: गाडी कुठे थांबणार हे तुम्ही ठरवा, बॅटरीला ठरवू देऊ नका.

हे मी शिकलो ते असं. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पुण्याहून परत येत होतो, सोबत आई आणि मुलगी. वाटेतल्या ज्या चार्जरवर भिस्त होती तो ॲपमध्ये चालू दिसत होता, जाऊन बघतो तर बंद. 11 टक्के शिल्लक होते. उतारावर थोडा चार्ज परत मिळाला, त्यामुळे घर गाठू असं वाटलं. पनवेलच्या पुढे डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह आलं, एसी बंद झाला, वेग उतरत गेला आणि गाडी नेमकी एका उड्डाणपुलावर थांबली. बाजूला उतरायला जागा नाही, मागून कंटेनर येताहेत. तीन-चार किलोमीटर आधी एक ओळखीचं हॉटेल गेलं होतं. तिथे 15 ॲम्पिअरचा सॉकेट होता, आईला बसायला खुर्ची मिळाली असती, चहा मिळाला असता. तेव्हा 4 टक्के होते आणि मी थांबलो नाही. क्रेन येईपर्यंत पाऊण तास आई कठड्याला टेकून उभी होती, ते मला अजून आठवतं.

पुढे आली ती साधी हुकवाली क्रेन. क्रेनवाला मागची चाकं उचलून न्यायला निघाला. माझ्या गाडीत मोटर पुढच्या चाकांवर आहे, म्हणजे नेमकी तीच चाकं रस्त्यावर फिरत गेली असती. इलेक्ट्रिक गाडीत सहसा क्लच नसतो. न्यूट्रल टाकलं तरी चाक आणि मोटर जोडलेलीच राहतात. चाक फिरलं की मोटर फिरते, फिरणारी मोटर वीज तयार करते आणि ती जायला जागा नसेल तर मोटरला वीज पुरवणाऱ्या, गाडीतल्या इन्व्हर्टरला धोका. म्हणून चारही चाकं उचलून सपाट पाठीवर घेणारी फ्लॅटबेडच हवी. मी क्रेन परत पाठवली. फ्लॅटबेड यायला आणखी अडीच तास लागले, तरी तो निर्णय बरोबर होता. दोर लावून टोचन करून देतो म्हणणारा भला माणूस भेटला, तरी त्याला हात जोडून नाही म्हणा.

फोन लावल्यावर समोरचा माणूस बहुधा दुसऱ्या शहरात बसलेला असतो. त्याला पहिल्याच वाक्यात सांगा: गाडी इलेक्ट्रिक आहे, चार्ज संपलाय, फ्लॅटबेडच पाठवा. मग लोकेशन व्हॉट्सॲपवर पाठवा आणि पुण्याकडे जाणारी बाजू की मुंबईकडे येणारी, हे नक्की सांगा. एक्सप्रेसवेवर बाजू चुकली तर क्रेनला पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. गाडी सोडायची कुठे तेही तुम्हीच सांगा, नाहीतर ते सवयीने सर्व्हिस सेंटरला नेतात आणि रविवारी तिथे कुलूप असतं.

आणखी एक भानगड लक्षात ठेवा. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी अजिबात सुरू होत नाही असं होऊ शकतं. त्यावेळी सहसा 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते. तिला मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे जम्प स्टार्ट देता येतो, टोइंगची गरजच पडत नाही. मोठ्या बॅटरीला मात्र जम्प स्टार्ट हा प्रकार नाही. छोटी बॅटरी मेली असेल तर इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकही सुटत नाही, चाकं जॅम राहतात. तेव्हा फ्लॅटबेडवाल्याला फोनवरच सांगा, म्हणजे तो चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या घेऊन येईल.

आता तुमच्या रस्त्याबद्दल. अटल सेतू सुमारे 22 किलोमीटरचा आहे, त्यावर चार्जर नाही आणि थांबायला बंदी आहे. परत येताना चिर्ल्याच्या बाजूला 15 टक्क्यांच्या खाली असाल तर सेतूवर चढू नका, आधी चार्ज करा. खोपोलीकडून खंडाळ्याला चढताना सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढावी लागते. माणसं-सामानासह गाडी 1700 किलोची धरली तर त्या चढाला सपाट रस्त्यापेक्षा अडीच-तीन युनिट जास्त जातात, म्हणजे साधारण 18-20 किलोमीटरची रेंज. उतरताना त्यातलं काही परत मिळतं, सगळं नाही. लोक ट्रॅफिकला घाबरतात, पण उभ्या गाडीत एसीला तासाला साधारण एखादं युनिट लागतं. दोन तास घाटात अडकलात तरी तुमच्या गाडीचे सहा-सात टक्के. खरी रेंज खातो तो वेग. 100 ऐवजी 80 ने चालवलीत तर फरक डोळ्यांना दिसेल.

सोबतचा 15 ॲम्पिअरचा चार्जर डिकीत कायम ठेवा. तासाला तीन युनिट, म्हणजे वीसेक किलोमीटर. ढाबेवाले बहुतेक नाही म्हणत नाहीत, पैसे मात्र आधी ठरवा. अर्थिंग नसेल तर बरेचसे चार्जर लाल दिवा दाखवून चार्जच करत नाहीत. तिथे जुगाड करू नका, दुसरा सॉकेट शोधा.

गाडी रस्त्यात थांबलीच तर चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारे हॅझर्ड लाइट लावा, जमेल तितकी डावीकडे घ्या, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि सगळे उतरून, पूल नसेल तर, कठड्याच्या पलीकडे उभे राहा. गाडीत बसून वाट बघू नका. 112 कुठूनही लागतो. 1033 राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, नाशिक किंवा अहमदाबादच्या रस्त्याला तो उपयोगी पडेल.

विम्यातलं असिस्टन्सचं पान या आठवड्यात काढून वाचा. चार्ज संपणं त्यात धरलंय का, वर्षातून किती वेळा, किती किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट, हे तिन्ही बघा. गाडीच्या कंपनीची आणि विम्याची अशा दोन सेवा असतील तर दोन्ही नंबर मोबाइलमध्ये आणि एका कागदावर लिहून गाडीत ठेवा. आणि डिकीतल्या टूलकिटमध्ये स्क्रूसारखा फिरवून बंपरमध्ये बसवायचा हुक असतो, तो एकदा दिवसाउजेडी बसवून बघा. फ्लॅटबेडवाला गाडी वर ओढायचा दोर (विंच) त्यालाच लावतो आणि अंधारात, पावसात तो सापडत नाही.