रवानगी, वापसी

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

आबांच्या वर्षश्राद्धाला वाचायचं टिपण पोचलं. खरं सांगतो, वाचून चिडलो. 'कर्तव्यदक्ष', 'करारी', 'बाहेरून काटेरी, आतून गोड फणस'. अरे, हे इंदुरातल्या कुठल्याही रिटायर्ड माणसाला चिकटेल, नुसतं नाव बदलायचं. खाली पेनाने तू विचारलं आहेस, 'काका, लोक सांगतात ते आबा आणि घरी पाहिलेले आबा जुळत नाहीत. काय लिहू?' अख्ख्या कागदावर तेवढीच ओळ तुझी आहे.

डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच लिही. वेळेसकट.

हे माझं नाही, त्यांचंच. १८६१ च्या पोलीस कायद्यात कलम ४४ आहे: ठाण्याच्या प्रभारीने डायरी ठेवायची, तक्रार कोणाची, पकडलं कोणाला, जप्त काय केलं, साक्षीदार कोण, सगळं त्यात. आमच्याकडे त्याला रोजनामचा म्हणतात. प्रत्येक नोंदीला सान्हा नंबर, म्हणजे अनुक्रमांक, पान फाडायचं नाही. गश्तीला निघालास की रवानगी, परतलास की वापसी. नवीन पोरं त्यात ऐकीव घुसडायची. आबा आमच्या ठाण्याचे प्रभारी. बोट ठेवून विचारायचे, "हे तू पाहिलंस?" नसेल तर 'अमक्याने सांगितलं' असं लिहायला लावायचे. राग यायचा आम्हाला. वाटायचं, चोर पकडायचे सोडून हा माणूस व्याकरण शिकवतोय.

घरीही तेच. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी बारीक पेन्सिलीने लिहिलेलं मी वाचलंय: 'रात्री ९.३० रवानगी. ताईला ताप १०२.' आणि दुसऱ्या चौकोनात, 'सकाळी ६.१० वापसी. ताप नाही. सगळे झोपलेले.' ताई म्हणजे तुझी आत्या. तू म्हणतोस आबा घरी बोलायचे नाहीत. नाहीच बोलायचे. पण ते कॅलेंडर पाहिलं असतंस तर फणसाची गरज पडली नसती. आजींनी जुनी कॅलेंडरं पुस्तकांना कव्हर घालायला वापरली, ही गोष्ट वेगळी.

पुढे तू लिहितोस, 'एका बड्या पुढाऱ्याशी टक्कर घेतल्यामुळे त्यांची झाबुआला बदली झाली.' हे कोणी पाहिलं? तू तर जन्मलाही नव्हतास. हे वाक्य तुमच्या घरात इतकी वर्षं फिरतंय आणि मी पोहे खात ते ऐकत आलोय.

आता जे मी पाहिलं ते लिहितो.

अनंत चतुर्दशीची रात्र. तेव्हा इंदुरातल्या कापड मिला चालू होत्या, रात्रभर त्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, अख्खं ठाणं बंदोबस्तावर. मी आरक्षक, म्हणजे साधा शिपाई, ठाण्याच्या लेखनिकाच्या, मुन्शीच्या, मदतीला लिहायला बसलेलो. रात्री ११ च्या सुमारास एका पोराला चोरीच्या संशयावरून आणलं. वरच्या एकाने सांगितलं, सकाळी ६ ला आणला असं दाखव. अटक झाल्यावर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. असं लिहिलं की सात तास फुकट मिळतात. मी लिहिलं. नोकरी नवी, घरी दोन बहिणी लग्नाच्या, वडील अंथरुणावर. तू काय केलं असतंस? राहू दे, उत्तर नको. चाळीस वर्षं मीच देतोय ते उत्तर.

आबा सकाळी ८ ला परतले, बुटांवर गुलाल. पोराला पाहिलं, रोजनामचा पाहिला. त्याला विचारलं, कधी आलास? तो म्हणाला, हुकुमचंद मिलची झाँकी निघायच्या आधी. मग माझ्याकडे वळले. "सहाला हा दारातून येताना तू पाहिलास?" मी गप्प. त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात नवी नोंद केली: पोराला रात्री ११ ला आणलं, आधीची नोंद चुकीची, जबाबदारी प्रभारीची. प्रभारीची! माझं नाव त्यात नव्हतंच.

दोन महिन्यांत झाबुआचा हुकूम आला. दीडशे किलोमीटर. तुझ्या बाबांचं मॅट्रिकचं वर्ष, म्हणून घर इथेच ठेवलं. गंगवाल स्टँडवर त्यांना बसमध्ये बसवायला मी गेलो होतो. होल्डॉल मी उचलला. माफी मागायची ठरवून गेलो आणि विचारलं काय, तर "साहेब, पाणी घेतलंत ना?"

पुढाऱ्याची गोष्ट कुठून आली ते मला माहीत नाही. मी ती खोडली नाही, कारण त्या गोष्टीत मी नव्हतो. बदलीचं कारण हुकुमावर कधी लिहीत नाहीत, त्यामुळे 'नोंदीमुळेच बदली' असंही तू लिहू नकोस. नोंद अमक्या दिवशी, हुकूम दोन महिन्यांनी, एवढंच मांड. आणि पुढे लिही, 'असं काकांनी सांगितलं.' नाव घाल माझं, लपवू नकोस.

तू स्वतः काय पाहिलंस? तुला सायकल शिकवताना मागून सीट धरलेली, की सोडलेली? शेवटच्या आजारात एम.वाय. हॉस्पिटलमध्ये सलाईनच्या बाटलीवर वेळ लिही म्हणून नर्सच्या मागे लागले होते, ते तूच मला हसत सांगितलंस. ते कुठे आहे टिपणात? ते सोडून फणस घातलास!

आबा झाबुआला होते त्या तीन वर्षांत आजी दोन पोरं घेऊन एकट्या होत्या, ते त्यांनाच विचार. पण थोडं थांब. रविवारी दुपारी ४ ला मी येतो. आजींना आधी काही बोलू नकोस. झाबुआचं त्यांना मला सांगू दे.

तुझा,
काका