खुर्ची उलटी करा

गेल्या अंकात इराणी हॉटेलातल्या काळ्या गोल खुर्च्यांचा ओझरता उल्लेख केला आणि टपालाचा ढीग लागला. निम्मी पत्रं किनारपट्टीवरची. साहजिक आहे. मुंबईत हॉटेल बंद झालं की चाकरमान्यानं दोन खुर्च्या गावी पाठवायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणून या वेळचं सगळं सदर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांना दिलं आहे.

मामांचं ग्रँट रोडला भागीदारीत हॉटेल होतं. ते मोडलं तेव्हा चार खुर्च्या देवगडला आल्या, त्या माडीवर पडून आहेत. एकीच्या बैठकीखाली 'मेड इन चेकोस्लो…' एवढंच वाचता येतं. मुंबईचा एक व्यापारी म्हणतो, या थोनेट कारखान्याच्या, शंभर-सव्वाशे वर्षांच्या; अजून दोन देऊन सहाचा सेट करून देतो. भाव अर्थात थोनेटचा. भाचा म्हणतो, सगळ्या नकला. खरं काय मानायचं? (एक वाचक, देवगड)

व्यापारी आणि भाचा, दोघांनाही क्षणभर बाजूला बसवा आणि खुर्ची उलटी करा. या खुर्च्यांचं वय आणि गाव तोंडावर कधीच नसतं, बुडाशी असतं.

तुमच्याकडे अर्धा शिक्का आहे आणि तो पुरेसा बोलका आहे. चेकोस्लोवाकिया हा देश १९१८ च्या ऑक्टोबरात जन्मला आणि १९९२ च्या अखेरीस त्याचे दोन देश झाले. त्याआधी तिथली या खुर्च्या बनवणारी सगळी गावं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होती, म्हणजे खुर्ची १९०० सालची असती तर तिच्यावर ऑस्ट्रिया किंवा व्हिएन्ना असं काही दिसलं असतं. तेव्हा सव्वाशे वर्षांची गोष्ट तिथेच संपली.

राहता राहिलं थोनेट. मिखाएल थोनेट हा ऱ्हाइनकाठच्या बोपार्डचा, जन्म १७९६ चा, पुढे व्हिएन्नात स्थायिक झालेला. अख्खं लाकूड वाकवण्याच्या रीतीचा हक्क त्याला १८५६ मध्ये मिळाला आणि पहिला मोठा कारखाना त्यानं मोराव्हियातल्या कोरिचानीला काढला. भोवती बीच झाडांची जंगलं होती आणि मजुरी स्वस्त. त्यानंतरचा बिस्त्रित्सेचा. त्याचा हक्क १८६९ मध्ये संपला आणि मग कोण थांबतंय! कोन बाप-लेकांच्या कंपनीनं कारखाने काढले, उत्तरेत मिमोन गावात फिशेल यांनी काढला, आणि सगळ्यांच्या खुर्च्या लांबून सारख्याच. म्हणून 'चेकोस्लोवाकिया' असलेली खुर्ची थोनेटची असू शकते, फिशेलची असू शकते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने सरकारजमा झाल्यावरची, म्हणजे टॉनचीही असू शकते. टॉन हे नाव १९५३ पासूनचं. कारखाना तोच बिस्त्रित्सेचा, आजही चालू आहे. नाव कळल्याशिवाय नावाचे पैसे मोजू नका, एवढंच.

नाव शोधायचं कसं? बैठकीच्या कडीच्या, म्हणजे भोवतालच्या गोल लाकडी चौकटीच्या, आतल्या बाजूला दाबून उठवलेली अक्षरं असतात, किंवा कागदी चिठ्ठी. चिठ्ठी गेली तरी तिच्या गोंदाचा चौकोन उरतो. खोलीत अंधार करा, बॅटरी अगदी आडवी धरा, म्हणजे दबलेल्या अक्षरांना सावली पडते. मोबाइलवर फोटो काढून काळं-पांढरं करून बघा. ओलं फडकं नको, आणि पॉलिश पेपर तर घरात असेल तर लपवून ठेवा. आमच्या वेंगुर्ल्यात एका मेस्त्रीनं 'साफ करून देतो' म्हणत सहा खुर्च्यांची बुडं घासून गुळगुळीत केली. काम छान केलं हो. फक्त त्या कुणाच्या, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

भाच्याच्या शंकेचं उत्तर लाकडातच आहे. मागच्या पायांपासून पाठीपर्यंत जाणारं लांब वळण असतं ना, त्यावर लाकडाची रेघ बघा. वाकवलेल्या लाकडात रेघ वळणाबरोबर वळते, कुठे तुटत नाही. फळीतून कापून काढलेल्या नकलेत रेघ सरळ जाते आणि वळणावर कडेला येऊन संपते. शिवाय मध्येच सांधा दिसतो. बीचची आणखी एक खूण: पॉलिश उडालेल्या जागी तपकिरी बारीक ठिपके, तिळाएवढे लांबट. सागात हे मिळणार नाही. बैठकीची गोल कडीही एकाच पट्टीची असते, दोन टोकं तिरपी छाटून एकमेकांवर चिकटवलेली. तो तिरपा सांधा उघडू लागलाय का, तेही उलटी असतानाच बघून घ्या.

आता सेट. थोनेटची चौदा नंबरची खुर्ची, १८५९ ची, म्हणजे या सगळ्यांची आजी. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन चाक्या. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या बसत, म्हणून तर जगभर गेल्या. पण जे सुटं होतं ते अदलाबदलही होतं. हॉटेलवाल्यानं एकीचा पाय मोडला की दुसरीचा लावला. तुमच्या चारांत एखादी तीन खुर्च्यांची मिळून एक झालेली असेल, बघा. त्यात वाईट काही नाही, मला तर अशाच जास्त आवडतात. पण 'सहाचा मूळ सेट' हे शब्द हॉटेलातल्या मालाला लावणाऱ्याशी भाव करताना हसू आवरावं लागतं. त्या दोन खुर्च्या धड असतील तर घ्या. खुर्चीचा भाव द्या, आडनावाचा नको.

बैठकीचं वेताचं विणकाम मधोमध फाटलंय. गावातला माणूस प्लास्टिकच्या पट्टीनं विणून देतो, स्वस्तात. चालेल का? दुसरीचं फाटलेलं नाही, पण झोळी झालीय. (एक वाचक, गुहागर)

आधी झोळीचं सांगते, कारण ते फुकटात होतं. वेताची वरची बाजू चकचकीत असते, तिच्यात पाणी मुरत नाही. खालची बाजू खरबरीत, ती पाणी पिते. खुर्ची उलटी करा, कढत पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं खालून पसरा, लाकडाला ओल लागू देऊ नका, आणि रात्रभर सावलीत वाळू द्या. वेत सुकताना आवळतो. सकाळी बोटानं टिचकी मारलीत तर ताशासारखा आवाज यायला हवा. नाही आला तर वेतच थकलाय. पावसाळ्यात हे करू नका, सुकायच्या आधी बुरशी धरेल.

फाटलेलीचं म्हणाल तर कडीला आरपार भोकं आहेत की वरून खाच आहे, ते बघा. भोकं असतील तर ती हातविणीची: दोन फेरे उभे, दोन आडवे, दोन तिरपे, मग कडेची पट्टी. ओला वेत हातात घेऊन करायचं काम, दिवस खाणारं. खाच असेल तर तयार विणलेली जाळी ओली करून खाचेत ठोकून बसवतात, ते तासाभराचं. माणसाला मजुरी सांगण्याआधी एवढं स्वतः बघून ठेवा, म्हणजे जाळीच्या कामाला विणीचे पैसे जात नाहीत.

प्लास्टिकबद्दल मी सोवळी नाही. खाऱ्या वाऱ्याच्या उघड्या पडवीत रोज वापरायची खुर्ची असेल तर खुशाल करा. पण प्लास्टिक सुकून आवळत नाही, म्हणून विणणारे ते सुरुवातीलाच जीव खाऊन ओढतात, आणि जुनी कडी दोन भोकांच्या मधे चिरते. त्याला सांगा, हात हलका ठेव.

खुर्चीखाली पिवळट पीठ पडतं. लाकडाला टाचणीएवढी भोकं आहेत. दर पावसाळ्यात वाढतंय असं वाटतं. वडील म्हणतात, उन्हात टाका. (एक वाचक, मालवण)

वडिलांचा उपाय तांदळाला बरोबर, खुर्चीला नाही. चैत्राच्या उन्हात जुना सरस सुटतो, प्लायची बैठक असेल तर पापुद्रे उकलतात आणि कीड आत गारच राहते.

बीच हे लाकूड वाकायला जितकं गुणी तितकंच किडीच्या बाबतीत दुबळं. त्याला सागासारखं अंगचं तेल नाही. युरोपातल्या कोरड्या खोलीत ते शतक काढतं. आपल्याकडे मिरगापासून चार महिने हवाच ओली. आणि पॉलिश फक्त दिसणाऱ्या बाजूला असतं. कडीचं बूड, पायाचं टोक, स्क्रूची भोकं कोरी. कीड तिथूनच शिरते.

आधी ती जिवंत आहे का ते ठरवा. भोकं ब्रशनं साफ करा, खुर्चीखाली काळा कागद पसरा आणि तिला हलवू नका. काही दिवसांत ताजं पीठ पडलं तर कीड आहे. ताजं भोक आतून फिकं दिसतं, जुनं काळवंडलेलं. कागद कोराच राहिला तर तुमच्याकडे फक्त जुन्या लढाईच्या खुणा आहेत, औषध वाया घालवू नका.

असेल तर लाकडाच्या किडीचं तेलातलं औषध मिळतं ते आणा, पाण्यातलं नको. इंजेक्शनच्या सिरिंजनं एकेका भोकात सोडा. एका भोकात घातलेलं दुसऱ्यातून बाहेर उडतं, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवा आणि दारं उघडी. मग खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, थोड्या दिवसांनी तेच पुन्हा. शेवटी भोकं मेणानं बुजवा, म्हणजे नवं भोक पडलं तर लगेच कळेल. आणि बूड कोरं ठेवू नका. लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात खालूनही द्या. पण हे दसऱ्यानंतर! माझे वडील गिरगावात पॉलिशचं काम करत. दमट दिवसात लाखेला हात लावला की ती पांढरट पडते, हे मी त्यांच्या शिव्यांतून शिकले.

आमच्याकडे कोकणात होडीला लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल खुर्चीला लावलं तर कीड जाईल ना? (एक वाचक, दापोली)

कीड जाईल. खुर्चीही काळी पडेल आणि बसणाऱ्याच्या मांडीला फोड येतील. होडीलाच लावा.

फिक्या रंगाची, निमुळत्या पायांची, प्लायच्या पाठीची खुर्ची मिळाली. चिठ्ठीवर 'लिग्ना, प्राग' आहे. हॉटेलातल्या काळ्या खुर्चीसारखी ती मुळीच दिसत नाही. ठेवण्याजोगी आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

आहे! आणि चिठ्ठी शाबूत, हे तर भाग्य. लिग्ना ही चेकोस्लोवाकियाची लाकडी माल परदेशी विकणारी सरकारी कंपनी. तिनं खुर्ची बनवली नाही, पाठवली. बनवणारं नाव शेजारी असेल तर शोधा. तुम्ही वर्णन करता तो नमुना पन्नास-साठच्या दशकातला. १९५८ च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोवाक दालनाची फार वाहवा झाली आणि तिकडच्या घरांत तशाच हलक्या, निमुळत्या सामानाची लाट आली. टॉनसाठी अंतोनिन शुमान यांच्यासारखे लोक तेव्हा नमुने काढत होते. वाफवून वाकवण्याचं तंत्र जुनंच, रूप नवं. लोक काळ्या खुर्च्यांमागे धावतात म्हणून या अजून अडगळीत सापडतात. मला विचाराल तर बसायला याच बऱ्या, पाठ तिरकी असते.

एकच जपा. हिच्यावर लाख नसावी, नायट्रोचं लॅकर असावं. खालच्या कोपऱ्यात कापसानं थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही आणि थिनरनं चिकट झालं तर लॅकर. लॅकरवर लाखेच्या पॉलिशवाल्याला हात लावू देऊ नका, आणि फिका रंग काळा करून 'जुन्यासारखा' करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

एक स्क्रू गंजून बसलाय, फिरतच नाही. (एक वाचक, वेंगुर्ला)

समुद्राची कृपा. पेचकसाला जोर लावू नका, डोकं झडेल. सोल्डरिंगची तापलेली इस्तरी स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, गार होऊ द्या, मग फिरवा; तापून फुगताना गंजाची पकड सुटते. बदली म्हणून पितळी घालणार असाल तर आधी त्याच मापाचा लोखंडी एकदा फिरवून काढा. बीच कठीण असतं, पितळी स्क्रू मानेत मोडतो. आणि काही झालं तरी खिळे नकोत. खिळ्यानं हा पाय आज बसेल, गणपतीपर्यंत कडी फाटेल.

माझ्याकडे चौदा झाल्या. बायको म्हणते, आता खुर्ची आली तर मी जाईन. काय करू? (एक वाचक, राजापूर)

वहिनींचं बरोबर आहे. चौदांपैकी किती जणींचे सगळे भाग त्यांचे स्वतःचे आणि धड आहेत, ते उलट्या करून मोजा. तेवढ्या ठेवा. बाकीच्यांतून ज्यांचा फक्त एखादा भाग गेलाय त्या एकमेकींत जुळवा, आणि उरलेल्या पूर्ण सुट्या करून पाय, पाठ, कड्या बांधून माळ्यावर टाका. खोक्यात छत्तीस बसत होत्या, तुमच्या पाच-सहांना जागा किती लागणार? बांधताना सुतळी वापरा आणि वरून गोणपाट. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. स्क्रू मात्र डब्यात, थोडं तेल लावून, आणि कुठल्या खुर्चीचे ते चिठ्ठीवर लिहून.